परक्या हातचा घास

आमचा कुत्रा मूळचा लातूरचा. मुलगी तिथं मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायला होती. तयारी करता करता तिनं खोलीमागच्या बोळात सापडलेलं एक पिल्लू खोक्यात ठेवून वाढवलं, आणि दोन्हींत यश मिळवलं. तिला दूरच्या गावी कॉलेज मिळालं आणि पिल्लू नांदेडला आमच्याकडं आलं. ‘भीक नको, पण कुत्रा आवर’ ही म्हण मी आयुष्यभर वापरत आलो आहे. दारात खोकं घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीपुढं मात्र ती तोंडातून निघाली नाही. मी नुसतं विचारलं, “हे खातं काय?”

या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट मिळालेलं नाही.

मुलीनं जाताना सगळं सांगून ठेवलं होतं. पाकिटातल्या खाण्याच्या गोळ्या सकाळी इतक्या, संध्याकाळी इतक्या, मधे काही नाही, आपल्या ताटातलं तर अजिबातच नाही. माझी बायको शाळेत शिक्षिका आहे, तिला नियम म्हटले की बरं वाटतं. तिनं गोळ्या मोजायला वेगळी वाटीसुद्धा काढली. मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. नियम मलाही आवडतात, फक्त ते दुसऱ्यानं पाळलेले आवडतात. पण घरात माय होती.

माय म्हणजे माझी आई. वडील गेल्यावर आम्ही भोकरजवळच्या गावातलं घर बंद केलं, शेत बटईनं, निम्म्या वाट्यावर, लावलं. तेव्हापासून नागपंचमी ते होळी ती माझ्याकडं नांदेडला असते आणि उन्हाळाभर लातूरला धाकट्या भावाकडं. तिनं त्यातली एक गोळी बोटांत धरून चुरून बघितली, वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

“हे काय खडे चारून राहिलास लेकराला?” ती म्हणाली. “कुत्रं भाकरीवर वाढतं.”

गावाकडं आमच्या घरात शेवटची भाकरी कुत्र्याची असायची. उरली म्हणून नव्हे. ती त्याच्याच नावानं थापलेली असायची, परातीतलं पीठ झाडून घेऊन केलेली, जरा जाड, जरा वाकडी. तीच रीत मायनं नांदेडच्या गॅसच्या शेगडीवर सुरू केली. भाकरी ताकात कुस्करायची आणि एकेक घास हातानं भरवायचा. आठवड्याभरात कुत्रा गोळ्यांकडं बघेनासा झाला. बायको चिडली, मी वैतागलो, मुलीनं फोनवरून दोन्ही बाजूंना समजावलं. सकाळी गोळ्या आणि संध्याकाळी भाकरी अशी तडजोड झाली. कुत्र्यानं ती मान्य केली नाही. तो सकाळी गोळ्यांच्या वाटीसमोर बसून संध्याकाळची वाट बघायचा.

मुलीनं त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं. मायच्या जिभेला ते झेपेना, म्हणून ती त्याला ‘लेका’ म्हणायला लागली. रागात नसली की ती मलाही लेकाच म्हणते. त्यामुळं स्वयंपाकघरातून हाक आली की आम्ही दोघंही मान वर करायचो, आणि बहुतेक वेळा हाक त्याला असायची.

दुपारी घरात ती दोघंच असत. बटईदारानं आणून दिलेली कवठं कोपऱ्यात पडलेली होती. माय व्हरांड्यात भिंतीला टेकून पाय पसरून बसायची आणि एक कवठ फरशीवरून सोडायची. कुत्रा घसरत धडपडत त्याच्यामागं जायचा. कवठ तोंडात मावायचं नाही, मग ते नाकानं ढकलत ढकलत परत तिच्या पायाशी आणायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी सुट्टीच्या दिवशी खास दुकानातून चेंडू आणून तोच खेळ खेळायला गेलो, तर त्यानं चेंडू उचलला, पलंगाखाली जाऊन बसला आणि माझ्यावर गुरगुरला. माय हसून हसून थकली.

गणपतीच्या दिवसांत आमच्या कॉलनीतली मोकाट कुत्री एकाएकी मरू लागली. कुणीतरी खाण्यात काहीतरी कालवून टाकत होतं. कोण, ते आजही माहीत नाही. काही दिवस सगळ्यांनी एकमेकांकडं संशयानं बघितलं, मग तेही सोडून दिलं. एका सकाळी आमच्या कंपाउंडच्या भिंतीवरून कुणीतरी वडा टाकला आणि आमच्या कुत्र्यानं तो खाल्ला. तासाभरात तोंडाला फेस आला, पाय ताठ झाले. दवाखान्यात नेताना मायनं त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि ती नुसती “लेका, लेका” करत होती. मी गाडी चालवत होतो. दवाखान्यापुढं गाडी लावली आणि किल्ली तशीच ठेवून, दार उघडं टाकून मी आत पळालो. तोवर मी समजत होतो की कुत्रा मुलीचा आहे, मी आपला सांभाळतोय. त्या दिवशी कळलं की तसं काही राहिलेलं नाही, आणि मला स्वतःचाच राग आला.

तो वाचला. वड्यातलं थोडंच पोटात गेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी सलाइन लावलं, औषधं दिली, आणि कांदा-लसूण पुढंही कधी द्यायचा नाही, कुत्र्याला तो बाधतो, असं बजावलं. मायचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा जरा सैल झाला. “म्हंजे माळकरी निघाला की,” ती म्हणाली.

डॉक्टरांनीच कुत्र्यांना शिकवणाऱ्या एकाचा नंबर दिला. पन्नाशीचा, काळा चष्मा लावणारा, मोटारसायकलवरून न उतरताच बोलायला सुरुवात करणारा असा तो गृहस्थ होता. त्यानं कुत्र्याकडं एकदा आणि माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

“सर, कुत्रा हुशार हाय. फिकीर मालकाची हाय,” तो म्हणाला. “याला एकच हात ठाऊक पायजे, तुमचा. बाकी सगळी दुनिया परकी. मग कुणी सोन्याचा घास टाकला तरी हा तोंड लावणार न्हाई.”

मला हे फार आवडलं. आमच्या घरात कुत्र्याबद्दल जेवढी माणसं तेवढी मतं होती, आणि फोनवरची मुलगी धरली तर त्याहून जास्त. त्या गोंधळात हा पहिलाच माणूस असा भेटला ज्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. शब्द दोनच होते: ‘घे’ आणि ‘नको’. मी ‘घे’ म्हटलं की खायचं, मी काही बोललो नाही तर समोर काहीही असो, मान फिरवायची. बायकोचा हात पुढं मागं शिकवता येईल, आधी एक हात पक्का होऊ द्या, असं तो म्हणाला. जमिनीवर टाकलेल्या तुकड्यांचा सराव आठवड्या-दोन आठवड्यांत झाला. नंतर परक्या माणसाच्या हाताचा सराव करायचा होता.

आता परका माणूस आणायचा कुठून? शेजारचे कुत्र्याला भीत होते. बायकोची शाळा होती. शिकवणारा स्वतः उभा राहायचा, पण त्याच्या हाताला तर कुत्रा आधीच घाबरायचा. व्हरांड्यात बसलेली माय आमचं बोलणं ऐकत होती.

“मी बसते की,” ती म्हणाली. “मला काय काम हाय.”

मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. उलट बरं वाटलं, म्हातारीचा वेळ जाईल. माय खुर्चीवर बसायची, हातात बिस्किट नाहीतर उकडलेल्या अंड्याचा तुकडा धरायची आणि हाक मारायची, “घे रे लेका, घे.” कुत्रा शेपूट हलवत तिच्याकडं निघायचा. मी दोरी ओढून ‘नको’ म्हणायचो. तो थबकायचा, तिच्याकडं बघायचा, माझ्याकडं बघायचा. मान फिरवली की मी शाब्बास म्हणून माझ्या हातचा तुकडा द्यायचो.

“आज्जी, अजून लाडानं बोलवा,” शिकवणारा सांगायचा. “चोर लाडानंच बोलवतो.”

माय आणखी लाडानं बोलवायची. एकदा तर तिनं डोक्यावरून पदर पुढं ओढून, माझा स्वेटर चढवून परकी बाई होऊन दाखवली. आम्ही सगळे हसलो. तिलाही मजा येत होती, निदान मला तसं वाटलं. दिवाळी होईपर्यंत कुत्रा इतका तयार झाला की तिनं हात पुढं केला तरी तो बसल्या जागेवरून हलायचा नाही; नुसती लाळ गळायची आणि नजर माझ्यावर खिळलेली असायची. शिकवणाऱ्यानं माझी पाठ थोपटली. म्हणाला, “सर, आता झोप लागंल तुम्हाला.”

झोप लागली हे खरं. पण घरात काहीतरी बदललं होतं आणि ते काय, याचा मला अंदाज येत नव्हता. माय शेवटची भाकरी अजूनही थापायची, पण कुस्करून झाली की वाडगं माझ्यापुढं सरकवायची. “तूच घाल,” म्हणायची. कवठाचा खेळ चालूच होता. कुत्रा तिच्या पायाशी झोपायचा, ती बाहेर गेली तर दारात बसून राहायचा. फक्त तिचा हात तोंडाशी आला की मान फिरवायचा. डोकं कुरवाळायला आला तरीसुद्धा. मग माय हात मागं घेऊन पदराला पुसायची. तिच्यावर एवढा जीव आणि तिच्या हाताची अशी भीती, हे एकाच जनावरात कसं मावतं ते मला समजत नव्हतं. शिकवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “मग तालीम पक्की झाली की सर.”

अशात मार्गशीर्ष लागला. आमचं कुलदैवत माळेगावचा खंडोबा. घरात घट बसतो आणि माय चंपाषष्ठीपर्यंत उपास धरते. सगळा चातुर्मास आमच्याकडं वांगं आणि कांदा बंद असतो, तो त्या दिवशी सुटतो. वांग्याचं भरीत, कांद्याची पात, निखाऱ्यावर भाजलेले बाजरीचे जाड रोडगे. तळी उचलायची, भंडारा उधळायचा, आणि पहिला नैवेद्य कुत्र्याला द्यायचा, कारण कुत्रं हे खंडोबाचं. त्यानं तोंड लावल्याशिवाय मायचा उपास सुटत नाही. गावाकडं याची कधी चिंता नव्हती. पान घेऊन दारात गेलं की चार-पाच कुत्री धावत यायची आणि भांडण एवढंच असायचं की आधी कोण. नांदेडलाही गेल्या वर्षीपर्यंत तसंच होतं.

यंदा तर माय सकाळपासून खुशीत होती. “औंदा देवाचं कुत्रं घरातच हाय,” ती बायकोला म्हणाली. “दारात उभं राहायची गरज न्हाई.” बायकोला तिच्या उपासाची काळजी होती, कारण मायला साखरेचा त्रास आहे. रोज सकाळी बोट टोचून बघायचं, किती खायचं, कधी खायचं, हे सगळं बायकोच ठरवते. त्या दिवशीही तिनं लवकर लवकर सगळं उरकलं. कांदा घालायच्या आधीच कुत्र्याच्या वाटणीचं भरीत बाजूला काढून ठेवलं. शेजारच्या बिऱ्हाडातले दोघे तळी उचलायला आले. ‘यळकोट यळकोट’ झालं, घरभर पिवळं झालं. मायनं कुत्र्याच्या कपाळाला भंडारा लावला, तेवढं त्यानं लावून घेतलं. मग ती त्याच्यापुढं खाली बसली. गुडघे दुखतात, तरी बसली. रोडग्याच्या तुकड्यावर भरीत घेऊन तिनं हात पुढं केला.

“घे रे लेका, घे,” ती म्हणाली.

कुत्र्यानं मान फिरवली.

खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणाला मला अभिमान वाटला. शेजाऱ्यांपुढं इतकं शिस्तीत. पुढच्याच क्षणी मायच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं आणि तो अभिमान जिरला. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा म्हणाली. तिचा आवाज अगदी तोच होता, सरावातला, लाडाचा. दुसरा आवाज तिच्याकडं नव्हताच. कुत्रा थरथरत होता, लाळ फरशीवर पडत होती आणि डोळे माझ्यावर होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “घे.”

त्यानं झडप घालून तो तुकडा तिच्या हातातून घेतला. शेजारी हसले. “झालं की आज्जी, बसा आता जेवायला,” ते म्हणाले आणि प्रसाद घेऊन गेले.

माय तशीच बसून होती. “हे तू चारलास,” ती हळूच म्हणाली. “देवानं न्हाई घेतलं.”

“माय, तोंड त्यानंच लावलं ना? हात तुझाच होता.”

“तुझ्या सांगण्यानं लावलं. सांगून खाल्लेला नैवेद्य असतो व्हय?”

तिनं मला बाहेर जायला सांगितलं. मी समोर नसलो तर तो आपल्या मनानं खाईल, असं तिला वाटत होतं. मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. आणि तिथं उभं राहिल्यावर माझ्या ध्यानात आलं की आत काय व्हावं हेच मला ठरवता येत नाहीये. कुत्र्यानं खाल्लं तर माय जेवेल. पण मग उद्या भिंतीवरून पडलेला वडाही तो खाईल. नाही खाल्लं तर तो जगेल आणि म्हातारी उपाशी राहील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असली गत. मी देवाला हात जोडले, पण मागणं काय मागावं ते कळेना, म्हणून नुसतेच जोडून ठेवले.

बऱ्याच वेळानं बायको बाहेर आली आणि तिनं नाही म्हणून मान हलवली. मग मी पानावर रोडगा आणि भरीत घेऊन कॉलनीत कुत्रं शोधायला निघालो. भर दुपारी, कपाळाला भंडारा, हातात पान. एका ओळखीच्यानं विचारलं, “काय सर, काय हरवलं?” मी म्हटलं, “कुत्रं बघतोय.” तो म्हणाला, “तुमच्या घरी आहे की.” पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो, मागच्या मोकळ्या प्लॉटकडं गेलो. एकही कुत्रं दिसलं नाही. मेली ती मेली, राहिलेली कुठं निघून गेली होती. तीन महिने मी याच रस्त्यानं रोज फिरत होतो आणि गल्ली ओस पडल्याचं मला त्या दिवशी कळलं.

परत आलो तेव्हा माय भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर घाम होता आणि बोटं थरथरत होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून कुत्रा गाढ झोपला होता आणि रोडग्याचं पान शेजारी तसंच होतं. बायकोनं तिची साखर बघितली, ती फारच खाली गेली होती, आणि बायकोला रडूच आलं.

“आत्याबाई, आता खा बरं,” ती म्हणाली. “देव काही म्हणणार नाही. तुमच्या पाया पडते.”

मायनं आधी बायकोकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, “खा माय.”

“तुम्ही म्हणताव तर खाते,” ती म्हणाली आणि रोडग्याचा तुकडा मोडला.

दोन-चार दिवसांनी तिनं लातूरला जायचं काढलं. होळीला अजून बराच अवकाश होता. मी विचारलं, काही बोललं का कुणी? म्हणाली, “न्हाई बाबा. धाकट्याच्या पोराची याद येऊन राहिली.” मी तिला लातूरला सोडून आलो. भावानं फोनवर विचारलं, “काय झालं व्हय रं दादा?” मी म्हटलं, काही नाही. खरंच मला सांगता येण्यासारखं काही झालेलं नव्हतं. भांडण नाही, शब्दाला शब्द नाही. बायको म्हणाली, त्या रुसल्यात. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही आज्जीला परकं माणूस केलंत. मी तिच्यावर चिडलो. म्हटलं, अगं ते सरावापुरतं होतं, कुत्र्यासाठी. तिनं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला, आणि त्या ‘बरं’चा मला जास्त राग आला.

कुत्रा दारात बसू लागला. भाकरी बायको करायची, मी घालायचो, तो खायचा. कवठं कोपऱ्यात वाळून गेली. मी एकदा व्हरांड्यात बसून एक कवठ सोडून बघितलं. तो उठला, त्यानं त्याचा वास घेतला आणि परत दारात जाऊन बसला. शेवटी शिकवणाऱ्याला फोन लावला. विचारलं, शिकवलेलं एवढंच पुसता येतं का, एका हातापुरतं?

“येतं की सर. घरचा हात म्हणून वेगळा शिकवता येतो,” तो म्हणाला. “पण त्याला आज्जी पायजेत. रोज. त्या हातानंच ते काम होतंय.”

“त्या इथं नाहीत.”

“मग याला इलाज न्हाई.”

संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी मी कुत्र्याला गाडीत घातलं आणि लातूरला निघालो. बायकोला शाळेचं काम होतं, बरंच झालं. माळेगाव आलं तसे गाडीतूनच हात जोडले. अहमदपूरपर्यंत कुत्रा उलट्या करत होता, त्याच्यापुढं झोपला. मी रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो. माय, चल घरी. माय, त्याला तुझी सवय लावायचीय. माय, चुकलं. कुठलंच वाक्य बरोबर वाटेना, कारण नेमकं काय चुकलं ते मला अजून पुरतं उमगलं नव्हतं. कुत्रा जिवंत होता. त्यासाठीच तर सगळं केलं होतं.

भावाच्या घराच्या मागच्या अंगाला छोटा ओटा आहे. माय तिथं शेंगा फोडत बसली होती. कुत्र्यानं तिला बघितलं आणि त्याला काय करू नि काय नको झालं. तो तिच्याभोवती गोल गोल फिरला, शेंगांच्या टरफलांत लोळला, तिच्या पायावर डोकं घासून कुईकुई करत राहिला. “आलास व्हय लेका,” ती म्हणाली. मला नव्हे. मी बाजूच्या बाजेवर बसलो. ती आत जाऊन भाकरी घेऊन आली. बहुतेक सकाळची शेवटची असावी, जरा जाड, जरा वाकडी. भावाकडं कुत्रं नाही. तिनं एक तुकडा मोडून पुढं धरला.

कुत्रा तिच्या पायाला चिकटून उभा होता. त्यानं मान फिरवली आणि माझ्याकडं बघितलं.

“म्हण की,” माय मला म्हणाली.

“तू म्हणाली होतीस, सांगून खाल्लेलं चालत नाही.”

“ते देवाचं होतं. हे माझं हाय. म्हण.”

मी म्हटलं, “घे.” त्यानं तिच्या हातातला तुकडा अलगद घेतला आणि तिची बोटं चाटली. मला हलकं वाटलं. असं वाटलं की झालं, सुटला गुंता, आता ही संध्याकाळी गाडीत बसणार. तिनं दुसरा तुकडा धरला. त्यानं पुन्हा माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा ‘घे’ म्हटलं. तिसऱ्यालाही तसंच झालं. माय कौतुकानं हसली.

“दर घासाला इचारतो व्हय हा?”

“तसंच शिकवलंय त्याला.”

“गुणी हाय,” ती म्हणाली. मग शेंगांची टरफलं पायानं बाजूला सारत म्हणाली, “मीबी तुझ्या घरी तसंच जेवते की. घ्या म्हणलं की घ्यायचं, नको म्हणलं की ठिवायचं.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊसपाण्याचं बोलावं तसं ती बोलली. मी म्हटलं, “माय, ते तुझ्या साखरेसाठी आहे. तुझ्या जिवासाठीच ना?”

“व्हय रं बाबा. ह्याचंबी जिवासाठीच हाय. न्हाई कोण म्हणतंय.”

तिनं पुढचा तुकडा मोडला आणि हात पुढं केला. कुत्र्यानं माझ्याकडं बघितलं. मायनंही माझ्याकडं बघितलं. दोघंही माझ्या तोंडातून शब्द निघायची वाट बघत होते. एवढाच तर शब्द होता, पण आता तो कुणाला म्हणायचा ते मला कळेना.